येते म्हणजे येते

निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे आपल्याला कुणी मुद्दाम शिकवत नाही; बोलायला लागल्यापासून ते तोंडात बसलेलं असतं. विमा विकायला आलेला माणूस, ज्याला आपण जन्मात पुन्हा दारात उभं करणार नसतो, तोही ‘बरं, येतो मग’ म्हणून जिना उतरतो. कुणी ते खरं धरत नाही आणि कुणी खोटंही म्हणत नाही.

खरं धरणारी एकच होती, तिसऱ्या मजल्यावरची महाराणी.

महाराणी हे तिचं इमारतीनं ठेवलेलं नाव. पंचविशीची पोरगी, पण थाट असा की कुणीही आलं तरी आपल्या खुर्चीवरून हलायची नाही, आणि चहा निळ्या कपात नसेल तर त्याच्याकडे बघायचीही नाही. ती अगदी लहान असताना डॉक्टरांनी ऑटिझम आहे म्हणून सांगितलं. पुढं पुष्कळांनी पुष्कळ काही सांगितलं, पण तिच्याबरोबर दिवस कसा काढायचा हे कुणी सांगितलं नाही. ते तिच्या आईनं चुकतमाकत शोधून काढलं. आई घरी बसून पँटींच्या आणि जाकिटांच्या चेन बदलायची, लॉन्ड्रीवाल्यांकडून गठ्ठे यायचे, म्हणून तिला सगळे चेनवाली म्हणत. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरभर लोकांना वरखाली करणारा हा माणूस स्वतः मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत तीन जिने चढायचा, आणि हा विनोद त्याला रोज कुणी ना कुणी ऐकवायचंच.

महाराणीजवळ स्वतःचे शब्द मोजके होते. दुसऱ्यांचे मात्र ढीगभर. ऐकलेलं वाक्य ती कधी दोन दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी बाहेर काढायची, ज्याचं त्याच्याच आवाजात, खोकल्या-उसाशासकट. शेजारीण आपल्या सासूबद्दल काय म्हणाली ते तिनं एकदा जिन्यात सासूलाच ऐकवलं होतं. तेव्हापासून इमारतीतले लोक तिच्यासमोर जीभ आवरून बोलत. घरातलं काही खासगी असलं तर नवरा-बायको जिन्यात जाऊन बोलत. घर आतून कडी लावून सुरक्षित करण्याऐवजी घराबाहेर पडून खासगी बोलणारं असं जोडपं दुसरं नसेल.

आणि दिलेल्या शब्दाचं तर विचारूच नका. एकदा नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर ‘येतो हं’ म्हणून गेला. महाराणी दारासमोर खुर्ची ओढून बसली. जेवायला उठेना, झोपायला उठेना. दुसऱ्या दिवशी बापानं त्या प्लंबरला शोधून काढलं, त्याच्या हातापाया पडला आणि त्याला नुसतं दारात उभं करून ‘आलो’ म्हणायला लावलं. तेव्हा कुठं ती ‘आला’ म्हणाली, खुर्ची जागेवर ठेवली आणि आडवी झाली. प्लंबरनं नंतर आमच्या भागातलं काम घेणंच सोडलं असं शेजारी सांगतात, पण शेजारी तिखटमीठ लावतात.

त्या दिवशी चेनवालीनं घरात कायदा केला. जो परत येणार असेल त्यानंच ‘येतो’ म्हणायचं. ज्याचं नक्की नसेल त्यानं सरळ ‘जातो’ म्हणायचं. आणि परतल्यावर दारातूनच ‘आले’ किंवा ‘आलो’ म्हणायचं, की महाराणी आतून ‘आली’, ‘आला’ म्हणत कडी काढणार. लोकांना हे जड गेलं. समोरच्या काकू म्हणाल्या, “भरल्या घरातून निघताना ‘जाते’ म्हणू? जीभ झडेल माझी.” मग काकूंसाठी तोड अशी निघाली की त्या चकार शब्द न काढता उठायच्या आणि चपला सरकवून पसार व्हायच्या. धाकटी, म्हणजे चेनवालीची बहीण, ‘जाते गं’ म्हणायची, कारण पुन्हा कधी येईल याचा तिचा तिलाच पत्ता नसायचा. बाप मात्र रोज सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून ‘येतो’ म्हणायचा आणि रोज संध्याकाळी ‘आलो’ म्हणायचा. इतक्या वर्षांत एकदाही चुकला नाही. चेनवालीला या माणसाच्या कितीतरी गोष्टींचा राग यायचा, पण या एका गोष्टीसाठी ती त्याला सगळं माफ करायची.

महाराणी झोपायची तुकड्यातुकड्यानं. तिला जाग आली की घराला जाग यायची, आणि घर म्हणजे चेनवाली. नवऱ्याला सकाळी लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं असायचं, त्याची झोप मोडून कसं चालेल? अशी वर्षानुवर्षं गेली. मग एका दुपारी जाकिटाला चेन बसवताना तिचा बसल्या जागी डोळा लागला, पाय तसाच मशीनवर राहिला, आणि सुई बोटातून आरपार गेली. रक्त पाहून महाराणी कान झाकून किंचाळायला लागली, आणि एका हातानं रक्त थांबवत दुसऱ्या हातानं लेकीला थोपटत ही बाई जमिनीवर बसून राहिली, ती नवरा येईपर्यंत.

“हे असं किती दिवस चालायचं?” नवरा जिन्यात म्हणाला. धाकटीही आलेली होती.

“चाललंय तितके दिवस,” चेनवाली म्हणाली.

“आज मशीन होतं. उद्या गॅस असेल.”

“ताई, आठवडाभराचा तर प्रश्न आहे,” धाकटी म्हणाली. “माझ्या ऑफिसातल्या बाईचा भाऊ असाच आहे. शहराच्या त्या टोकाला एक घर आहे, विसाव्याचं. आठवडाभर त्याला तिथं ठेवतात, घरचे जरा पाठ टेकतात, आणि परत घेऊन येतात. तू माझ्याकडे ये. खा, झोप, लोळ. कुणी काही म्हणणार नाही.”

चेनवालीनं आधी कानावर हात ठेवले. मग नुसतं बघून यायचं कबूल केलं. मग महाराणीला घेऊन पुन्हा एकदा गेली, मग आणखी एकदा. जागा खरंच चांगली होती. स्वच्छ खोल्या, मोठं आवार, आणि एक हसरी मदतनीस, जी पहिल्याच दिवशी महाराणीला हात न लावता नुसती शेजारी बसून राहिली. चेनवालीनं त्या मदतनिशीला कायदा समजावून सांगितला.

“म्हणजे ड्यूटी संपली की मी ‘जाते’ म्हणायचं?” मदतनीस हसली. “आमच्या मॅडम ऐकतील तर त्यांना वाटेल नोकरीच सोडली.”

“वाटू दे. पण ‘येते’ म्हणालात तर ती तुम्ही येईपर्यंत जागी राहील.”

जायच्या दिवशी तिघं मिळून गेले. चेनवालीनं बरोबर निळा कप दिला आणि रनरचा डबा दिला. रनर म्हणजे चेनवर सरकणारं ते छोटंसं पितळी किंवा प्लॅस्टिकचं. जुन्या चेनमधून काढलेले असे शेकडो महाराणीनं साठवले होते, आणि ती ते तासन्‌तास रंगावारी लावायची. डबा मांडीवर घेऊन ती खुर्चीत बसली. चेनवाली समोर उकिडवी बसली. रोज संध्याकाळी डब्यातल्या सात मोठ्या पितळी रनरांपैकी एक बाजूला काढायचा, आणि मोठे संपले की आई, असं तिनं घरी पुन्हा पुन्हा करून दाखवलं होतं.

“मोठे संपले की?” तिनं विचारलं.

“आई येते,” महाराणी म्हणाली.

“येते,” चेनवाली म्हणाली आणि उठली. मागं वळून पाहिलं असतं तर तिथंच बसकण मारली असती, म्हणून तिनं पाहिलं नाही. फाटकाबाहेर आल्यावर नवऱ्यानं तिचा हात धरला. चारचौघांत हात धरायची त्याला सवय नव्हती. तिला त्या क्षणी तो फार आपला वाटला.

धाकटीच्या घरी पहिला दिवस तिनं कान टवकारूनच काढला. दुसऱ्या दिवशी तिनं दार बंद करून आंघोळ केली. ज्यांनी आयुष्यभर दार बंद करून आंघोळ केली आहे त्यांना यातलं सुख कळायचं नाही. चहा गरम असताना प्यायली, आणि तोंड पोळलं तर हसली. मग ती झोपली ती दिवस कुठला आणि वेळ कुठली याचं भान सुटेपर्यंत. विसाव्याच्या घरचा नियम होता की पहिला आठवडा कुणी भेटायला यायचं नाही, पोरं बिथरतात. नवरा रोज फोन करून सांगायचा, “मॅडमशी बोललो. मजेत आहे ती.” चेनवालीला ते ऐकून बरं वाटायचं आणि थोडं वाईटही वाटायचं, मजेत असल्याचं.

एकदा धाकटी तिच्या उशाशी येऊन बसली. चेनवाली अर्धवट झोपेत होती. माणूस अशा वेळी जे बोलतं ते कुणाला उद्देशून नसतंच.

“असंच पडून राहावंसं वाटतं गं,” ती म्हणाली. “कुणी उठवूच नये.”

“मग राहा की,” धाकटी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धाकटीची दाढ दुखायला लागली. “डॉक्टरला दाखवून येते हं ताई,” असं म्हणून ती गेली आणि उन्हं उतरल्यावर आली. दाढेचं काय झालं असं विचारल्यावर म्हणाली, औषध दिलंय, काढावी लागेल असं वाटत नाही. तोंड मात्र उतरलेलं होतं. चेनवालीनं तिला मऊ भात करून वाढला. तो तिनं मान खाली घालून खाल्ला.

आठवडा भरत आला तसा नवऱ्याचा फोन आला. आणखी दोन दिवस राहू देऊ, ती छान रुळलीय, मलाही मोठं काम लागलंय, दोन दिवसांनी बरोबरच जाऊ. धाकटीनंही री ओढली. “भाऊजी म्हणतात ते बरोबर आहे, ताई. बोट तरी नीट भरू दे.”

चेनवालीला क्षणभर पटलंही. खोटं कशाला बोलायचं, दोन दिवस आणखी म्हटल्यावर तिच्या अंगानं आधी होकार दिला होता. पण मग तिला डबा आठवला. मोठे रनर आज संपणार. संपले की आई. दोन दिवस म्हणजे काय हे तिथं डबा घेऊन बसलेल्या पोरीला कुणी समजावायचं? तिनं पिशवी भरली. धाकटी दार अडवून उभी राहिली, रिक्षा मिळणार नाही म्हणाली, ऊन आहे म्हणाली, शेवटी रडायलाच लागली. बहिणीला आपली इतकी माया आहे हे बघून चेनवालीला भरून आलं. तिनं तिचे डोळे पुसले आणि निघाली.

महाराणी मोठ्या खोलीत होती. सगळ्या खुर्च्या खिडकीकडे तोंड करून, हिची एकटीची दाराकडे.

“आले,” चेनवाली दारातून म्हणाली.

महाराणीनं वर पाहिलं. डब्याचं झाकण लावलं. “आली,” ती म्हणाली आणि उठून उभी राहिली. बस्स. जगात एवढं एक काम चेनवालीनं बिनचूक केलं होतं.

तेवढ्यात हसरी मदतनीस आली. “अरे वा, आईपण आली भेटायला! परवा बाबा आणि मावशी, आज आई. चैन आहे बुवा.”

“भेटायला नाही, न्यायला आलेय,” चेनवाली म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं. “परवा कोण आलं होतं?”

मदतनिशीचं हसू मावळलं. “मॅडमना बोलावते,” म्हणून ती लगबगीनं आत गेली.

महाराणी डबा छातीशी धरून उभी होती. तिनं घसा खाकरला. ते खाकरणं तिचं नव्हतं. संध्याकाळी जिना चढून आल्यावर नवरा खाकरतो तसं ते होतं.

“एकदम सांगितलं तर ती ऐकायची नाही,” महाराणी नवऱ्याच्या आवाजात म्हणाली. “आठवडा झाला की दोन दिवस म्हणू. मग आणखी दोन. सवय होईल हळूहळू. खोली चांगली आहे. ऊन येतं.”

चेनवालीनं भिंतीला हात टेकला.

मग आवाज बारीक झाला, गोड झाला. “माझ्यावर सोडा, भाऊजी. ताई माझं ऐकते. मनातून तिलाही हेच हवंय, नुसतं तोंडानं म्हणवत नाही. कालच म्हणाली मला, असंच पडून राहावंसं वाटतं गं, कुणी उठवूच नये.”

ते शेवटचं वाक्य धाकटीनं चेनवालीची नक्कल करून म्हटलं असणार, कारण महाराणीच्या तोंडून ते दोघींच्या आवाजात आलं. वर धाकटी, खाली आई. चेनवालीला आपलाच आवाज ओळखू आला, झोपेतला, जड. उशाशी बसलेल्या बहिणीला म्हणून सांगितलेलं, आणि ते लेकीसमोर आणून ओतलेलं. नवऱ्यानं पाठीत वार केला हे एक वेळ समजू शकत होतं. पण केसांवरून हात फिरवत गळा कापायचा, हे धाकटीला कुणी शिकवलं?

“जातो, बाळ,” महाराणी म्हणाली, पुन्हा बापाच्या आवाजात, आणि थांबली. पुढं काही नव्हतं.

जिन्यात जाऊन बोलायची इतक्या वर्षांची शिस्त, आणि इथं येऊन दोघं विसरले. विसरले तरी कसे म्हणायचं? पोरगी आता इथलीच झाली, तिनं ऐकलं तरी सांगणार कुणाला, असा हिशेब असणार.

मॅडम आल्या, भल्या बाई होत्या, गोंधळलेल्या होत्या. “तुमच्या मिस्टरांनी तर सांगितलं होतं की खोली कायमची घ्यायचं तुम्हा दोघांचं ठरलंय, म्हणून तर पहिल्या आठवड्यातही त्यांना आत सोडलं. तुम्हाला हे बघवणार नाही, म्हणून तुम्ही येत नाही म्हणाले.”

“मला बघवणार नाही,” चेनवाली म्हणाली.

“तसं म्हणाले. मी तुम्हाला अडवत नाहीये. पण एक सांगू का, मुलगी इथं बरी होती हो. खरंच बरी होती.”

“माहितेय मला,” चेनवाली म्हणाली, आणि तिथंच तिला रडू कोसळलं, कारण ते खरं होतं. तीन महिन्यांनी पुन्हा आठवडाभर इथं आणावं, असं तिनं धाकटीच्या पलंगावर पडल्या पडल्या मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

रिक्षात महाराणी शांत होती. चेनवाली मात्र एकाच गोष्टीपाशी घुटमळत होती. नवरा ‘जातो’ म्हणाला होता. हा माणूस आयुष्यात महाराणीला ‘जातो’ म्हणालेला नव्हता. त्या दिवशी म्हणाला, कारण परत कधी येईल ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि कायदा म्हणजे कायदा. लेकीशी खोटं बोलायला त्याची जीभ वळली नाही. बायकोशी मात्र रोज फोनवर सुरळीत वळत होती.

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. चेनवाली मशीनवर बसली होती, पण मशीन चालू नव्हतं. धाकटीचे फोन येऊन येऊन थकले होते, म्हणजे नवऱ्याला सगळं कळलेलं असणार. तरी त्यानं नेहमीसारखा घसा खाकरला आणि नेहमीसारखं दारातून म्हणाला, “आलो.”

महाराणी उठून दाराशी गेली. तिनं कडी काढली, पण साखळी काढली नाही. फटीतून बापाकडे पाहिलं. ‘आला’ म्हणाली नाही.

“आलो, बाळ,” तो पुन्हा म्हणाला.

“जातो, बाळ,” महाराणीनं त्याचं त्याला परत केलं. तिच्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. जो ‘जातो’ म्हणाला तो ‘आलो’ कसा म्हणतो, एवढीच तिची अडचण होती.

फटीतून नवऱ्याला मशीनवर बसलेली बायको दिसत असणार. “अगं, ऐक तरी,” तो म्हणाला. “मी काय वैरी आहे का तिचा? आपण दोघं गेल्यावर तिचं कोण? तू मशीनवर झोपतेस. मला आता लिफ्टच्या शाफ्टमध्ये चक्कर येते, हे तुला सांगितलंय का मी कधी?”

“नाही सांगितलंत,” चेनवाली म्हणाली. “तेही नाही सांगितलंत.”

“तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?”

“नाही.”

“मग?”

“मग नाही म्हणाले असते, अहो! दहादा नाही म्हणाले असते. तुम्ही अकराव्यांदा विचारायचं होतं. रडले असते, भांडले असते, आणि कदाचित हो म्हणाले असते. आईनं हो म्हणायचं असतं ते. तुम्ही मला झोपवून ते परस्पर उरकलंत.” तिचा आवाज फाटला. “मला झोप लागली होती हो. इतक्या वर्षांनी लागली होती. मी तुम्हाला मनातल्या मनात दुवा देत होते. आता कुठल्याही घरात तिला सोडून मला पुन्हा डोळा मिटता येईल का? तेवढं एक होतं, तेही तुम्ही नासवलंत.”

जिन्यात समोरच्या काकूंचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा मिटलं. उभ्या जन्मात पहिल्यांदाच या घराचं खासगी बोलणं असं अर्धं आत आणि अर्धं जिन्यात चाललं होतं.

“तिला सांग ना,” तो शेवटी हळू म्हणाला. “‘बाबा आले’ म्हण. तू म्हणालीस की ती उघडेल.”

ते खरं होतं. दोन शब्दांचं काम होतं. चेनवालीनं म्हटलं असतं तर महाराणीनं निमूट साखळी काढली असती, कारण आई जे म्हणते ते तसंच असतं. म्हणूनच चेनवालीला ते म्हणवेना. लेकीच्या जगात तिच्या शब्दाला जी किंमत होती, ती या माणसाला दार उघडून देण्यासाठी मोडायची तिची तयारी नव्हती. निदान आज नव्हती. ती खाली मान घालून बोटावरची पट्टी नीट करत राहिली.

मग त्यानं पिशवी खांद्याला अडकवली. दोन पायऱ्या उतरला असेल नसेल, आणि तिथून त्याचा आवाज आला.

“येतो.”

सवयीनं म्हणाला, की ठरवून म्हणाला? चेनवालीनं झटकन मान वर केली. कालपर्यंत तिला हा प्रश्न पडला नसता. कालपर्यंत या शब्दावर तिनं डोळे मिटून घर चालवलं होतं. आता ती त्या दोन अक्षरांचा कान देऊन, वास घेऊन अंदाज काढायला बघत होती आणि तिला काहीच कळत नव्हतं. पावलं खाली गेली. खालचं दार वाजलं.

महाराणीनं दार लावलं. मग कोपऱ्यातली आपली खुर्ची दोन्ही हातांनी ओढत आणली, दारासमोर ठेवली, आणि डबा मांडीवर घेऊन बसली.

“बाबा येतो,” ती म्हणाली, स्वतःच्या आवाजात.

“तसं म्हणतात गं सगळेच,” हे चेनवालीच्या अगदी ओठांवर आलं. तिनं ते गिळलं. निळ्या कपात चहा ओतला, लेकीच्या हातात दिला, आणि दुसरी खुर्ची आणून तिच्या शेजारी, दाराकडे तोंड करून बसली.